तीन नंबरची दांडी

१. टक् नाही, टुक् नाही

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बावीस माणसं एका दांडीभोवती जमली होती आणि ती दांडी ऐन वेळी मुकी निघाली.

दांडी म्हणजे व्हिडिओ गेमची जॉयस्टिक. हे मंडळ घरच्या घरी व्हिडिओ गेमची उभी यंत्रं बनवणाऱ्यांचं. यंत्राला ते 'कपाट' म्हणतात, कारण प्रत्येकाच्या घरात त्या वस्तूवरून जे भांडण झालं त्यात हाच शब्द वापरला गेला. कपाट कितीही नटवा, खेळणाऱ्याचा हात असतो दांडीवर. दांडी भिकार तर सगळंच भिकार. म्हणून दर वर्षी मंडळ बाजारातल्या दांड्या मागवतं, परीक्षा घेतं आणि निकालाचा कागद दारावर लावतं. त्या कागदावर विसंबून माणसं खरेदी करतात.

यंदा पाच दांड्या होत्या. पाच सारख्या लाकडी खोक्यांवर बसवलेल्या, बनवणाऱ्याचे शिक्के काळ्या पट्टीखाली झाकलेले, पुढे खडूने नंबर. तीन परीक्षकांनी शुक्रवारी त्या एकेकट्याने तपासल्या होत्या. सकाळी सुतार, दुपारी दातांची डॉक्टरीण, शेवटी कानसेन. नंतर खोलीला कुलूप. ते उघडलं थेट रविवारी.

कानसेनांकडे आवाजाचं खातं होतं. दांडी वळवली की तिच्या पोटातला इवलासा स्विच दाबला जातो आणि टक् वाजतो. तो टक् चांगला की फुसका, हे कानसेन सांगायचे. तरुणपणी ते खेळयंत्रांच्या हॉलमध्ये दुरुस्तीला होते. दारात उभं राहून 'सहाव्या यंत्राचं डावं बटण बिघडत चाललंय' असं सांगायचे आणि ते तसंच असायचं. तानसेन होता आलं नाही तरी माणसाने कानसेन व्हावं म्हणतात. हे झाले, आणि खरं नाव लोक विसरले.

सुतारकाका मंडळाचे अध्यक्षही होते. त्यांनी कानसेनांची चिठ्ठी मोठ्याने वाचली. "नंबर तीन. आवाज खणखणीत. बोट मोडल्यासारखा कोरडा टक्. पाचांत पहिली." मग मंडळींना ऐकवायला म्हणून त्यांनी दांडी डावीकडे ओढली.

काही वाजलं नाही. उजवीकडे ओढली, खाली ओढली. सूं नाही की सां नाही.

सुतारकाकांनी खोकं उलटं केलं आणि दांडीखालची बंद डबी उघडली. आत स्विच नव्हतेच. एक लोहचुंबक होता आणि त्याच्याखाली सर्किटची एक हिरवी पट्टी.

"चुंबकाची दांडी! ही आपण मागवलीच नव्हती," सुतारकाका म्हणाले. "आपली कुणीतरी लांबवली आणि ही तिच्या जागी बसवली." ते वळले. "किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली घड्याळजींकडे असायची. दांड्या मागवणं, खोक्यांवर बसवणं, कुलूप लावणं, सगळं तेच बघत. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झाल्यापासून ही खोली हेच त्यांचं जाण्याचं एकमेव ठिकाण होतं.

"आली तशी बसवली," घड्याळजी म्हणाले. "डबी बंद होती. बसवणाऱ्याने दांडी हलवायची नाही हा आपलाच नियम आहे. मी हलवली नाही."

"म्हणजे कानसेनांचे कान खोटं बोलतात?"

 घड्याळजींनी आपल्या चाळीस वर्षांपासूनच्या मित्राकडे पाहिलं. कानसेन जमिनीकडे बघत होते.

कोपऱ्यात कानसेनांची सून उभी होती. सासऱ्यांना गाडीवरून सोडायला आली होती आणि आता आले नसते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. सुतारकाकांनी तिलाच हाक मारली. "लिफ्टवाले, तू लिफ्टची तपासणी करतेस, बिघाड शोधणं तुझं काम. तू मंडळात नाहीस, म्हणजे तुला कुणाची भीड नाही. बुधवारी संध्याकाळी बैठक आहे. दांडी सापडली तर ठीक, नाहीतर घड्याळजींनी किल्ली ठेवायची आणि परत इकडे फिरकायचं नाही."

घड्याळजींनी किल्ली तेव्हाच टेबलावर ठेवली. ते पाहताना लिफ्टवालीला दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावल्यासारखी लाज वाटली.

२. सोयीचं बहिरेपण

"बाबा, चहा."

कानसेन खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत होते. ती पुन्हा म्हणाली, मग तिसऱ्यांदा. शेवटी कप त्यांच्या पुढ्यात आदळला तेव्हा त्यांनी दचकून वर पाहिलं.

"सोयीचं बहिरेपण," सासूबाई आतून म्हणाल्या. "चाळीस वर्षं ऐकून घेतलं, आता पेन्शनीत गेलेत. मी तर बोलायचंच सोडलंय."

लिफ्टवाली हसली. हा विनोद घरात दोन वर्षं चालू होता आणि त्यात तिचाही वाटा होता. नाटकी आवाजात 'महाराज, आपण ऐकताय ना?' असं ती सासऱ्यांच्या पाठीमागे म्हणायची आणि सासूबाईंना हसवायची.

ती समोरच्या खुर्चीत बसली. "शुक्रवारी तीन नंबरचा टक् तुम्ही नक्की ऐकलात?"

"लिहिलंय ना मी!" ते एकदम उखडले.

"चिडता कशाला? घड्याळकाका तुमचे मित्र. तुम्ही त्यांच्या बाजूने एक शब्द बोलला नाहीत."

कानसेनांनी कप उचलला आणि चहा न पिताच खाली ठेवला. शर्टाच्या खिशातला फोन थरथरला, त्यावर पटकन हात ठेवून ते उठून गॅलरीत गेले. मित्रावर आळ आलेला माणूस असा पळ काढतो हे तिला मुळीच आवडलं नाही. घरचाच माणूस चोर तर नसेल, हा विचारही डोक्यात येऊन गेला, आणि तो आल्याची तिला शरम वाटली.

३. जांभळी जीभ आणि पांढरा मास्क

सुतारकाका कारखान्यात फळी तासत होते. कानावर पेन्सिल, अंगावर भुसा.

"माझ्यावर संशय?" त्यांनी रंधा आपटला. "अग, मी सकाळी गेलो, पाच दांड्या मोजल्या, बाहेर आलो."

"आवाज नाही ऐकलात?"

"मी दांडी खेळवत नाही. बुडाशी धरून फक्त किंचित हलवून बघतो, किती ढिली आहे ते. तेवढ्याने टक् वाजत नाही. तीन नंबर तर अशी घट्ट होती की वा! माझी पद्धत अशी, दांडीभोवतीची मधली तबकडी उचलायची, तिच्याखाली दांडीवर खूण करायची, तिथेच माप घ्यायचं. दर वेळी एकाच जागी मोजलं तर माप खरं." बोलता बोलता त्यांनी पेन्सिल जिभेला लावली आणि फळीवर रेघ ओढली. रेघ जांभळी उमटली आणि त्यांची जीभही जांभळी होती.

"ही पेन्सिल अजून कुणाकडे आहे?"

"छे! बनवणारेच बंद झाले. माझ्याकडे शेवटच्या चार आहेत. कुणाला हात लावू देत नाही."

डॉक्टरीणबाई दवाखान्यात दोन पेशंटांच्या मधे भेटल्या. मास्क हनुवटीखाली ओढून त्यांनी हात धुतले.

"मी प्रत्येक दांडी वीस मिनिटं खेळते आणि मनगट किती दुखतं ते लिहिते. तीन नंबर लोण्यासारखी. स्प्रिंग हलकी, सोडली की सरळ मधे परत. मी तिला पहिली दिली."

"आणि आवाज?"

"ते मला विचारू नका. दिवसभर कानाशी ड्रिल किरकिरतं. दांड्यांची कटकट नको म्हणून मी कानात गाणी लावून बसते." त्यांनी हात पुसले. "एक सांगू? तुमचे सासरे परवा दाढेसाठी आले होते. मला म्हणाले, डॉक्टर, तोंड झाकून बोलणं असभ्यपणाचं आहे. मास्क काढायला लावला. एरवी किती मऊ माणूस!"

ही नवीच तऱ्हा, असं म्हणून लिफ्टवालीने ते सोडून दिलं. तिथेच तिची चूक झाली. लिफ्टमध्ये आलेला बारीकसा आवाज तिने कधी असा सोडला नसता.

४. घड्याळजी काही म्हणत नाहीत

घड्याळजींच्या खोलीत भिंतीवर नऊ घड्याळं होती आणि नऊही एकच वेळ दाखवत होती. त्यांनी तिला बसायला एकुलती एक खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले.

"माझं कपाट बघायचं असेल तर बघ. ते तिथे. दांडी जुनीच आहे."

तिला बघायचं नव्हतं, तरी तिने पाहिलं. दांडीची मूठ वापरून गुळगुळीत झालेली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात असं वाकून बघताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, दांडी बसवल्यावर स्क्रूवर काही खूण करता का?"

त्यांचे डोळे चमकले. "लाल नेलपॉलिशची एक रेघ. अर्धी स्क्रूवर, अर्धी लाकडावर. स्क्रू कुणी फिरवला की रेघ तुटते. तुला कसं सुचलं?"

"आम्ही लिफ्टच्या बोल्टवर अशीच रेघ मारतो."

"पण सुतार म्हणेल, याने रेघ पुन्हा ओढली. बाटली माझ्याकडेच असते." ते हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "कानसेन काय म्हणतो?"

"काहीच नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग मीसुद्धा काही म्हणत नाही."

"काका, तुम्हाला काही माहीत आहे का? तुमची अब्रू जातेय!"

"पोरी, माझं फक्त येणं-जाणं जाईल," घड्याळजी म्हणाले. "त्याचं काय जाईल ते त्याला ठरवू दे."

आणि त्यांनी उठून एका घड्याळाला किल्ली द्यायला घेतली. ते घड्याळ आधीच पूर्ण भरलेलं होतं.

५. तबकडीखाली

मंगळवारी दुपारी तिने सुतारकाकांकडून किल्ली घेऊन मंडळाची खोली उघडली. खोकं आडवं करून तिने चारही स्क्रू पाहिले. लाल रेघा अखंड होत्या. पण रेघ पुन्हा ओढता येते, हे घड्याळजींनीच सांगितलं होतं.

मग तिने दांडीची मूठ फिरवून काढली आणि मधली काळी तबकडी वर सरकवली.

खाली दांडीच्या लोखंडावर जांभळी रेघ होती. जिभेला लावलेल्या पेन्सिलीची, सुतारकाकांच्या हातची, किंचित तिरकी. बाकीच्या चार दांड्यांवरही तीच रेघ त्याच उंचीवर होती.

लिफ्टवाली जमिनीवरच बसली आणि तिने बोटांवर मोजलं. ही रेघ शुक्रवारी सकाळी ओढली गेली. म्हणजे शुक्रवारी सकाळी सुतारकाकांनी मोजली ती दांडी हीच. डॉक्टरीणबाईंना लोण्यासारखी लागली तीही हीच, कारण चुंबकाच्या दांडीला स्विच दाबायचा नसतो, म्हणून हात हलका पडतो. कानसेन सगळ्यांत शेवटी आले. त्यांच्यापुढेही हीच होती. कुणी काही चोरलं नव्हतं. पाठवणाऱ्याने मुळातच दुसरी दांडी पाठवली होती आणि घड्याळजींनी ती नियमाप्रमाणे न हलवता बसवली होती.

मग कानसेनांनी ऐकलं काय?

टेबलाच्या खणात मागच्या वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीत कानसेनांनी लिहिलं होतं, 'डावा टक् उजव्यापेक्षा पाव सूर खाली. स्विच एका जातीचे नाहीत.' मागच्या वर्षी लिहिलं होतं, 'आवाज खणखणीत. कोरडा टक्.' यंदाही तेच, वर बोट मोडण्याची एक उपमा.

तिसऱ्या हाकेला न येणारं उत्तर, मास्क काढायचा हट्ट, खिशात थरथरणारा फोन, माणसाच्या तोंडाकडे लागलेली नजर. एकेक गोष्ट तिला डोळ्यांपुढे दिसू लागली आणि प्रत्येक गोष्टीच्या मागे ती स्वतः उभी होती, नाटकी आवाजात विचारत होती, 'महाराज, आपण ऐकताय ना?' रिकाम्या खोलीत तिचे कान तापले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. लोकांच्या लिफ्टचा बिघाड ती पाचव्या मजल्यावरून ओळखायची आणि घरातलं माणूस दोन वर्षं तिच्या डोळ्यांदेखत एकटं पडत गेलं होतं.

६. बोटाला लागलेला ठोका

कानसेन गॅलरीत पाठमोरे बसले होते. मागून हाक मारून खात्री करून घ्यायचं तिच्या मनात आलं. तो सोपा पुरावा होता. पण तेवढंही तिला करवेना. ती वळसा घालून त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली.

"बाबा, तीन नंबरची दांडी बदललेली नाही."

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आधी घंटा गेली. मग पक्षी. मग तुझ्या सासूचा आवाज. जाडे आवाज अजून थोडे येतात, बारीक सगळे गेले." ते हळू बोलत होते. "टक् गेला दोन वर्षांपूर्वी. मी खोक्यावर बोट ठेवून ठोका मोजायला लागलो. जमायचं. स्विचचा ठोका बोटाला बरोबर कळतो."

"पण तीन नंबरला स्विचच नव्हता."

"दांडी कडेच्या रबरी चौकटीवर आपटते ना, आवाज होत नाही, पण ठोका लागला बोटाला. चांगला खणखणीत वाटला. मी लिहून टाकलं." त्यांनी डोळे मिटले. "रविवारी सुतार दांडी ओढत होता तेव्हा मला कळलंच नाही काय झालं ते. सगळे घड्याळजीकडे बघायला लागले, तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"लाज वाटली ग. कानसेन बहिरा! लोक हसतील, एवढंच डोक्यात होतं. तोंड उघडेपर्यंत त्याने किल्ली टेबलावर ठेवलीसुद्धा. मग त्या गप्प बसण्याचीच इतकी लाज वाटायला लागली की पहिली लाज काहीच नाही." त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "चोर त्याला म्हणाले. चोरी माझी होती."

लिफ्टवालीला खूप काही सांगायचं होतं, त्या नाटकी आवाजाबद्दलही. तिने सांगितलं. चेहरा समोर धरून, एकेक शब्द नीट उच्चारत, काही न वगळता. आपल्याच तोंडून ते सगळं इतक्या सावकाश ऐकणं फार जड गेलं.

"उद्या मी सांगू बैठकीत?" तिने शेवटी विचारलं.

"नको," कानसेन म्हणाले. "हे माझंच काम आहे."

७. आवाजाचा रकाना

बुधवारी बावीसच्या बावीस माणसं आली. घड्याळजी दाराजवळ उभे होते, कारण आत बसावं की नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लिफ्टवालीने तबकडी वर करून जांभळी रेघ दाखवली आणि सुतारकाकांना विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे... ही हीच होती?"

कानसेन उठले. निकालाचा कागद त्यांनी टेबलावर ओढला आणि आवाजाच्या रकान्यात तीन नंबरपुढे शून्य लिहिलं. मग आपल्या मागच्या आणि यंदाच्या, दोन्ही वर्षांच्या चिठ्ठ्या फाडल्या.

"दांडीला आवाज नाही आणि मला कान नाहीत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुम्ही माझ्या शब्दावर दांड्या घेतल्यात, त्याची माफी मागतो. पण याची माफी कशी मागू ते मला कळत नाही." त्यांनी दाराकडे हात केला. "मी एक वाक्य बोललो असतो तर याच्यावर आळ आला नसता. मी बोललो नाही."

कुणी हसलं नाही. सुतारकाकांनी टेबलावरची किल्ली उचलली, दारापर्यंत गेले, आणि ती दोन्ही हातांनी घड्याळजींच्या पुढे धरली. मान वर करून बघण्याचं धैर्य त्या तापट माणसात उरलं नव्हतं. घड्याळजींनी किल्ली घेतली आणि सरळ येऊन कानसेनांच्या पुढे, अगदी नाकासमोर उभे राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"माहीत होतं? मग कधी बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की. दोनदा. तू ऐकलं नाहीस."

आधी डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं, त्यांच्यामागे सुतारकाकांना, मग सगळ्या खोलीला. कानसेनही हसले, पण घड्याळजींच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला तो काढला नाही आणि मान काही वर झाली नाही.

निकाल लागला. तीन नंबर, घट्टपणात पहिली, हाताला पहिली, आवाज शून्य, एकूण पहिली. आवाजाचा रकाना पुढच्या वर्षी कुणी भरायचा, हे ठरलं नाही.

घरी जाताना गाडीपाशी कानसेन थांबले आणि सुनेच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "मघाशी सगळे हसले ना?"

"हसले."

"आवाज कसा होता?"

खणखणीत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो शब्द तिने गिळला.

"थोडा चिरका होता," ती म्हणाली. "पण खरा होता."

त्यांनी मान हलवली आणि ते गाडीवर बसले. घरी पोचल्यावर तिने आधी सासूबाईंना हाताला धरून बाहेरच्या खोलीत आणलं आणि कानसेनांना त्यांचे ओठ दिसतील अशा समोरच्या खुर्चीत बसवलं.